मालकाचा माणूस

त्या थिएटरात चौतीस वर्षं सिनेमे दाखवणाऱ्या माणसाला सगळे नुसतं ऑपरेटर म्हणायचे. रागावली की घरी बायकोसुद्धा. पडद्यावर चित्र हललं, आवाज फाटला, वीज गेली, तरी शिव्या त्यालाच. सगळं नीट चाललं तर मात्र वर कुणी माणूस बसलाय हे कुणाच्या गावीही नसे. केबिनचा नियम एकच होता: मशीन चालू असताना जागा सोडायची नाही. तो त्यानं उभ्या आयुष्यात एकदाच मोडला.

रविवारी सकाळी तिथे फिल्म सोसायटीचा खेळ असे. सिनेमा दीड तास आणि चर्चा दोन तास. सोसायटी म्हणजे एक प्राध्यापक, बाकीचे माना डोलावायला. सिनेमा बघून दिग्दर्शक कुणाच्या बाजूचा हे सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. कॅमेरा कुणाच्या तोंडावर जास्त वेळ थांबला, खुर्चीवर कोण बसलं आणि उभं कोण राहिलं, एवढ्यावरून ते माणसाची सगळी कुंडली मांडत. ऑपरेटर मागच्या दाराशी उभा राहून ऐकायचा. त्याला मजा वाटायची.

एकदा एका नव्या दिग्दर्शकाचा पहिला सिनेमा यायचा होता, काचेच्या कारखान्यातल्या संपावरचा. सोसायटीनं विकत घेतलेली त्याची प्रिंट शनिवारी आली. ऑपरेटर रिकाम्या थिएटरात एकेक रीळ चालवून तपासत होता. शेवटचं रीळ लावलं आणि त्याला चहाची तलफ आली. बघणारं कुणी नव्हतं, म्हणून मशीन तसंच चालू ठेवून तो खाली गेला. परत आला तेव्हा फिल्म मशीनच्या चाकाच्या दात्यांवरून घसरली होती आणि कडेची भोकं टराटरा फाटत चालली होती. तब्बल अडीच मिनिटांचा तुकडा वाया गेला. थिएटरच्या मालकाला कळलं असतं तर नोकरी गेली असती. त्यानं तुकडा कापला, उरलेल्या रिळाची दोन्ही टोकं सफाईनं जोडली, तुकडा डब्यात घालून घरी नेला आणि तोंडातून ब्र काढला नाही.

रविवारी पडद्यावर कारखान्याचा मालक कामगारांपुढे लांबलचक भाषण करताना दिसला आणि पुढच्याच क्षणी कामगार मान खाली घालून कामाला लागले. प्राध्यापक खूश झाले. बोलायला मालक आणि राबायला कामगार, हाच या दिग्दर्शकाचा पक्ष, असं त्यांनी जाहीर केलं. मग त्यांची नजर दाराशी गेली. आपल्यातला खरा कामगार हा, यालाच विचारू, असं म्हणून त्यांनी ऑपरेटरला पुढे बोलावलं.

शंभर माना वळल्या. चोरी पकडली गेली असंच त्याला वाटलं. त्या घाईत तो बोलून गेला, "मालकाचाच माणूस वाटतो, सर."

टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यात प्राध्यापकांचा लेख आला आणि हे वाक्य त्याच्या शेवटी होतं. बायकोनं लेख वाचून त्याचं कौतुक केलं, तेव्हा त्यानं कपाटावरून डबा काढून तुकडा तिला दाखवला. खिडकीशी धरला की एकेक चित्र दिसायचं. भट्टीवरची एक म्हातारी मालकासमोर उभी राहून काहीतरी सांगत होती. बायको बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली की ज्याचं आहे त्याला देऊन टाका. तो हो म्हणाला. त्या ‘हो’ला बावीस वर्षं झाली.

दिग्दर्शकानं पुन्हा संप, कारखाना यांचं नाव काढलं नाही. लग्नाळू पोरांचे हलकेफुलके सिनेमे काढत राहिला. प्राध्यापक म्हणायचे, बघा, मी तेव्हाच ओळखलं होतं. हे ऐकलं की ऑपरेटर वर जाऊन उगाचच भिंगं पुसत बसायचा.

मग थिएटर बंद व्हायचं ठरलं. सोसायटीनं शेवटच्या रविवारी तोच सिनेमा लावला, कारण तीच एक प्रिंट त्यांच्या मालकीची होती, आणि दिग्दर्शकाला बोलावलं. त्या सकाळी बायकोनं डबा ऑपरेटरच्या पिशवीत ठेवला.

खेळाआधी दिग्दर्शक जिना चढून केबिनमध्ये आला. केस पांढरे, दम लागलेला.

"तुम्हाला एकदा बघायचं होतं," तो म्हणाला. "प्राध्यापक काय, काहीही लिहितात. पण लेखातलं ते शेवटचं वाक्य तुमचं, आणि तुम्ही कामगार माणूस. माझी म्हातारी एवढं बोलली आणि तुम्हालाही तिचं काही वाटलं नाही, म्हणजे ती फसलीच होती. मी मग तो नाद सोडला."

पिशवी पायाशी होती. ऑपरेटर म्हणाला की मशीन तापायला वेळ लागतो, तुम्ही खाली बसा. या वाक्याची लाज त्याला पहिल्या खोट्याहूनही जास्त वाटली.

जोड आला तेव्हा तो खिडकीतून पडदा बघत नव्हता, दुसऱ्या रांगेतलं ते पांढरं डोकं बघत होता. डोकं एकदम वर झालं आणि तसंच राहिलं. दिवे लागल्यावर दिग्दर्शक उठला आणि त्यानं विचारलं की म्हातारी कुठे गेली. कोण म्हातारी, असं प्राध्यापकांनी विचारलं.

ऑपरेटर डबा घेऊन खाली आला. जिन्याच्या अठरा पायऱ्या त्यानं एकेक करून मोजल्या. तुकडा आपणच कापला, एवढं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. प्राध्यापकांचे डोळे चमकले.

"थिएटरच्या मालकाचा दबाव होता ना? घाबरू नका, सांगा."

हो म्हटलं असतं तर सुटला असता, वर टाळ्याही पडल्या असत्या.

"कुणाचा दबाव नव्हता, सर. मी चहाला गेलो होतो."

लोक हसले. दिग्दर्शक हसला नाही. त्यानं तुकडा हातात घेऊन दिव्याकडे धरला.

"ती काय बोलते, ते तरी कधी ऐकलंत?"

"नाही. तेव्हा मी खाली होतो. नंतर तो तुकडा मशीनमधून जाण्यासारखा राहिला नाही."

मग मीच सांगतो, असं म्हणून दिग्दर्शक लोकांकडे वळला. ते संवाद त्यानं स्वतः लिहिले होते. "मालक, तुम्ही काच बघता, आम्ही आग बघतो," एवढं तो म्हणाला आणि थांबला. पुन्हा तेच वाक्य म्हणाला. ओठ हलले, पण पुढचं काही येईना.

"बावीस वर्षं विसरायचा प्रयत्न करत होतो," तो ऑपरेटरला हळूच म्हणाला. "जमलेलं दिसतंय."

ऑपरेटर रिकामा डबा हातात धरून तिथेच उभा राहिला.