गोल कडांची केळी

केळीचा घड नुसता डोळ्यांनी बघण्यात नानांना काही अर्थ वाटत नसे. ते डोळे मिटून फण्यांवरून अंगठा फिरवत. केळाच्या कडा बोचल्या तर घड कोवळा, गोल लागल्या तर दिल्लीपर्यंत जाण्याजोगा. सावद्याजवळच्या त्यांच्या गावानं केळी विकायला स्वतःची सोसायटी काढली, तेव्हा नाना चेअरमन झाले आणि अमळनेरच्या कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मी सेक्रेटरी. ती पारख मला शेवटपर्यंत जमली नाही. "तुह्या हाताले शाई लागेल हाये," म्हणायचे.

एकदा जिल्ह्याहून साहेब आले. मागास भाग कशानं सुधारतो यावर ते तासभर बोलले. वीज, धरण, खत, कर्ज. नाना म्हणाले, "साहेब, हे पाह्यजेच. पन दिल्लीवाल्यानं आमचा घड न पाह्यता घेतला पाह्यजे. त्याच्याबिगर गाव वर येत नही." नेमकं तेवढंच साहेबांनी लिहून घेतलं नाही. मला अजून त्याचा राग येतो.

पहिल्याच हंगामात दिल्लीहून तार आली. काही घड पिकतच नाहीत, काळे पडतात. पुन्हा असं झालं तर माल बंद. पुढची वॅगन भरताना नाना स्वतः स्टेशनावर उभे राहिले. भाव पडायच्या आत विकावेत म्हणून घाईनं कापलेले कोवळे घड त्यांच्या अंगठ्याला लागले. ते त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचे होते. गावादेखत नानांनी ते एकेक करून खाली उतरवायला लावले.

"नाना, हे घरी सांगता येत नव्हतं का?" भाऊ हळूच म्हणाला.

"घरी माह्याच्यानं बोलनं झालं नसतं रे."

पुढं गावच्या केळीला दिल्लीत नाव मिळालं. हायस्कूल आलं, पक्की घरं उठली. भाऊ मात्र नानांची पायरी पुन्हा चढला नाही. नानी आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. हिवाळ्यात नाना मळ्यात भरीत करायचे. पूर्वी वीस भाऊबंद जेवायला असत. आता धाकट्याला दुखवायला नको म्हणून कुणी येईना. मी एकटाच जायचो. वांगी तरी ते वीस जणांची भाजायचे.

सोसायटीच्या जोरावर भावानं दुमजली घर बांधलं. वास्तुशांतीचं आमंत्रण घरोघर गेलं, एक नानांचं दार सोडून. मी जेवून परतलो तेव्हा नाना आपल्या ओट्यावर बसले होते.

"किती खोल्या हायेत रे?"

मी एकेक खोली सांगत गेलो. देवघर सांगितलं, जिना सांगितला.

"माडीवर हवा येते का?"

"येते, नाना."

"मंग चांगलं झालं," म्हणाले आणि उठून आत गेले.

त्या दिवशी मी तिथं जेवायला नको होतं.