हात द्यायचा की पाय

"तुमच्या तिन्ही रक्तवाहिन्या तुंबल्यात," असं डॉक्टर मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, आणि "मंग आता काय कराचं?" हे विचारलं माझ्या मोठ्या भावानं, भाईजाननी. मी त्या दोघांच्या मधे आडवा. छाती माझी आणि बोलणी त्यांची.

अँजिओग्राफी म्हणजे बारीक नळी घालून हृदयाच्या वाहिन्यांचा फोटो काढणं. ती नुकतीच झाली होती.

अकोल्यात माझं शिलाईचं दुकान आहे. त्या साली कापसाला भाव नव्हता, लग्नाचे सूट शिवून घेणारे कमी झाले होते. जिना चढताना लागणारा दम काळजीचा असेल आणि छातीतली जळजळ भज्यांची असेल, अशी मी समजूत करून घेतली आणि सोडा पीत राहिलो. तुम्ही असं करू नका. चालताना जळजळ वाढत असेल आणि बसल्यावर थांबत असेल, तर सोडा ठेवा आणि दवाखाना गाठा.

अमरावतीला, याच मॅडमकडे, बायपास करायचं ठरलं. बायपास म्हणजे तुंबलेल्या जागेला वळसा घालून रक्ताला नवी वाट काढून देणं. त्यासाठी लागणाऱ्या नळ्या आपल्याच अंगातून घेतात. एक छातीतच मिळते. दुसरी पायातून घ्यावी की मनगटाकडून, यावर तिथं अभ्यास चालू होता.

"याला इन्फॉर्म्ड कन्सेंट म्हणतात, म्हणजे समजून-उमजून दिलेली संमती," मॅडमनी कागद देत सांगितलं. "कोणती नळी जास्त टिकते ते आम्हालाही पक्कं माहीत नाही. म्हणून कुणाची कुठून घ्यायची ते कॉम्प्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो. अभ्यासाला नाही म्हणालात तरी ऑपरेशन होईलच."

"डॉक्टर सांगून राह्यल्या तं कर ना सही," भाईजान म्हणाले. "जास्त डोकं नको लावू."

मी सही केली. चिठ्ठीत निघाला डावा हात.

तेव्हा कुठे डोकं चालायला लागलं. उजवा हात कात्री धरतो, पण कापड कळतं ते डाव्या अंगठ्याला आणि बोटाला. नळी काढल्यावर काही जणांचा अंगठ्याकडचा भाग बधिर राहतो, हे कागदात लिहिलं होतं. मी वाचलंही होतं, पण दुसऱ्या कुणाबद्दल असल्यासारखं.

शेजारच्या खाटेवर बडनेऱ्याजवळचे सुखदेवराव होते, झेंडूचे शेतकरी. त्यांना पाय निघाला होता.

"मले तं वावरात उभं राहा लागते, मास्टर," ते म्हणाले. "तुमाले हात पायजे, मले पाय. बदलून टाकू ना."

आमच्या गल्लीतल्या भिशीत ही रीतच आहे. चिठ्ठी आपली निघाली आणि लग्न दुसऱ्याच्या घरी असलं की नंबर बदलून द्यायचा. आम्ही सौदा पक्का केला आणि राउंडला आलेल्या मॅडमना ऐटीत सांगून टाकला.

मॅडम हसता हसता खुर्ची ओढून बसल्या. "सगळ्यांनी आपापल्या सोयीनं बदललं, तर गुण आला तो नळीमुळे की माणसामुळे, ते कसं कळणार? अदलाबदल नाही. मात्र बाहेर पडता येईल."

"रागावसान का?" मी विचारलं.

"नाई नाई, राहते तो," भाईजान मधेच बोलले.

"टाके यांच्या छातीला पडणार आहेत," मॅडम म्हणाल्या. "यांना बोलू द्या."

खरं सांगतो, ऑपरेशनची वाटली नव्हती तेवढी भीती मला त्या उत्तराची वाटली. उद्या जिच्या हातात आपलं हृदय द्यायचं, तिलाच आज नाही म्हणायचं. "मले नाही राहाचं त्याच्यात," मी म्हणालो. "हात नका घेऊ."

"ठीक आहे," म्हणून मॅडमनी तसं लिहून घेतलं. मग विचारलं, "मशीनला कोणत्या पायाचा जोर जास्त लागतो?" मी उजव्या म्हटलं. डाव्यातून घ्यायचं ठरलं.

सुखदेवराव मात्र राहिले. "उद्या माह्या पोराले हे झालं, तं तवा यायले पक्कं माईत पायजे," ते म्हणाले. त्यांच्या पायाची जखम माझ्याआधी भरली, हे ते अजून फोनवर ऐकवतात.

शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा डाव्या अंगठ्यानं चादर चोळून पाहिली. जाडीभरडी, धुऊन धुऊन विरलेली. सगळं कळत होतं. मला रडू आलं, आणि सिस्टरला वाटलं छाती दुखतेय.

पुढचे दिवस उशी छातीशी धरून खोकण्यात गेले. पाय सुजायचा, म्हणून मशीनला मोटर बसवली. तुमच्यावर ही वेळ आली, तर कागद स्वतःबद्दल लिहिलाय असं समजून वाचा. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण तुम्हीच म्हणा. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी मला बरं केलं, आणि त्याआधी विचारलं.

परवा एक नवरदेव बापाला आणि काकाला घेऊन दुकानात आला. कोटाचा रंग, बटणं, कॉलर, सगळं ते दोघं ठरवत होते. पोरगा हात वर करून उभा. मी टेप गळ्यात टाकली आणि त्याला विचारलं, "नवरदेव, तुमाले कसा पायजे?"

त्यानं बापाकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं.

"मले कोटच नाही पायजे, मास्टर. लय गरमी होते."

बऱ्याच दिवसांनी आलेलं सुटाचं काम होतं ते. मी "ठीक आहे" म्हणालो आणि झब्ब्याचं माप घ्यायला लागलो.