पत्त्याचा कागद

ये गं, अशी जवळ बस. अमेरिकेत आहोत म्हणून काय झालं? इथे जवळच बेलव्ह्यूत राहतेस आणि चार-चार महिने तोंड दाखवत नाहीस, शोभतं का हे?

परवा लेकाबरोबर रेनकोट घ्यायला गेले, तर दुकानात मोज्यांच्या शेजारीच बंदुका मांडलेल्या. मी दचकलेच. आमच्या पुढे एक म्हातारा शिकारीचं लायसन्स काढायला उभा होता, टोपी छातीशी धरून; इथल्या रहिवाशांना ते स्वस्तात मिळतं म्हणे. दुसऱ्या राज्यातून मुलीकडे राहायला आलेला.

काउंटरवरची बाई म्हणाली, "तीन महिने इथे राहताय, याचा कागद हवा. लाइटचं बिल, फोनचं बिल?"

"सगळं मुलीच्या नावावर आहे."

मग त्याने खिशातून एक कागद काढला आणि अंगठ्याने एकेक घडी सपाट केली. बायकोला पुरलं त्या जागेची पावती होती ती. शेजारची जागा त्याच्या नावाची.

"आता इथून मी कुठे जाणार?" तो शांतपणे म्हणाला.

बाईने तारीख पाहिली आणि फॉर्म भरायला घेतला.

घरी येऊन मी सगळे ड्रॉवर उपसले. लेकाच्या या घरात माझ्या नावाचा एक कागद नाही गं.

लवकर ये परत. पण त्याआधी एक पत्र टाक, पाकिटावर माझं नाव घालून.