रिकाम्या गाडीच्या पाळ्या

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडं डोंगरात आमचं गाव. मी मंचरला नोकरीला लागलो, माझ्या बरोबरीची बाकीची पोरं चाकणच्या कंपन्यांत गेली. मागोमाग त्यांच्या बायका गेल्या, मुलं गेली. भाताची खाचरं आणि हिरड्याची झाडं सांभाळत म्हातारी माणसं तेवढी मागं राहिली. माझी आई त्यांतलीच.

गावाला दिवसातून एकच गाडी यायची. सकाळी घोडेगावला जायची, दुपारी परतायची. एके दिवशी कंडक्टरनं पारावरच्या माणसांना सांगितलं, "गाडी रिकामी पळतीय. साहेब बंद करायचं म्हणत्यात. माणसं बसवा राव, न्हाईतर माझ्या हातात काय न्हाई."

गावातच माणसं उरली नव्हती, तर गाडीत बसवायची कुठून? शेवटी देवळापुढं बसून ठरलं, की काम असो नसो, रोज कुणीतरी गाडीनं जाऊन यायचं. घरटी पाळ्या लागल्या. आईची पाळी माझ्या थोरल्या चुलतीबरोबर आली. चुलत्यामागं चुलती एकटीच राहत होती, मुलगा चाकणला. दोघी ठेवणीतली लुगडी नेसून निघायच्या, घोडेगावच्या स्टँडवर बाकावर बसून भाकरी खायच्या आणि त्याच गाडीनं घरी यायच्या. फोनवर आई म्हणायची, "आज आमची ड्युटी व्हती." मी हसायचो. तीही हसायची.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी परतीची गाडी लागलीच नाही. गाडी बिघडलीय आणि दुसरी नाही, एवढंच स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीतून कळलं. आईनं मला फोन केला नाही. माझं काम खोळंबेल असं तिला वाटलं. एका जीपवाल्यानं दोघींना डोंगराखालच्या फाट्यावर सोडलं. तिथून वर चढाची वाट, आणि रस्त्यावर वाहन म्हणून नाही. पुढचं सगळं आईनं मला नंतर सांगितलं.

अर्ध्या चढावर चुलती एका करवंदीच्या जाळीशी खाली बसली. म्हणाली, "तू हो म्होरं. मी येते दम खाऊन."

"आन् तुमाला हितं टाकून जाऊ व्हय?" आई म्हणाली आणि शेजारी बसली. बाटलीतलं पाणी संपलं होतं. आईनं पदरानं वारा घातला.

बऱ्याच वेळानं चुलतीनं विचारलं, "कशाला गेलो व्हतो गं आपण?"

ऊन कलल्यावर आईनं चुलतीचा हात खांद्यावर घेतला आणि बसत उठत तिला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी चुलतीला उठताच येईना. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध. मुलगा भाड्याची गाडी करून आला आणि तिला मंचरच्या दवाखान्यात घेऊन आला. मी रोज डबा न्यायचो. तो तसाच परत यायचा. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, आणि हृदय आधीच कमजोर होतं. आठवडाभरात ती गेली.

तिला गावी नेलं तेव्हा चाकणहून पोरं आली, म्हणून खांदेकरी तरी मिळाले. त्याच दिवशी सगळे परतले. दुसऱ्याची कंपनी, सुट्टी कोण देणार?

त्यानंतर पाळीला कुणी गेलं नाही. कुणी कुणाला जा म्हटलंही नाही. गाडी थोडे दिवस रिकामीच येत राहिली, मग यायची थांबली. कुणीही तक्रार केली नाही.

पावसाआधी मी जीप करून आईला मंचरला आणायला गेलो. कोंबड्या तिनं शेजारणीला देऊन टाकल्या होत्या. निघताना लक्षात आलं, की दाराला कुलूप लावायला कोयंडाच नाही. आतून कडी होती, बाहेरून काही नव्हतं. इतक्या वर्षांत घरात कुणीच नाही असं कधी झालंच नव्हतं. मी खाली घोडेगावला जाऊन कोयंडा आणि कुलूप आणलं. गावात सुतार उरला नव्हता. मीच ठोकायला बसलो. आई एकेक खिळा हातात देत राहिली.