आपांच्या हाताची खाच

कापूरहोळच्या फाट्यावर भोरच्या एसटीची वाट बघत होते. आपांनाच भेटायला निघाले होते मी, पिशवीत त्यांना आवडणारी नाचणीची भाकरी. तेवढ्यात त्यांच्या भावाचा फोन आला. आपा गेली, म्हणाला. पुढं मला काही ऐकूच आलं नाही...

मुमताजआपा आमच्या प्रयोगशाळेत पाण्याच्या पाइपांचं प्लास्टिक तोडायच्या. काचेचं सोपं असतं हो, तडकली की संपलं. हे प्लास्टिक मोठं चिवट. ओढलं की ताणतं, पांढरं पडतं, पण चीर नेमकी कधी सुरू झाली ते कळू देत नाही. म्हणून एकाच शीटमधून तुकडे कापायचे, प्रत्येकाला पात्यानं बारीक खाच द्यायची, कमी-जास्त ताणून थांबायचं, मग गोठवून फोडायचं आणि चीर किती आत शिरली ते मोजायचं. एका तुकड्याचा आलेखावर एक ठिपका. ठिपके जुळले की रेघ, प्लास्टिक किती चिवट ते सांगणारी.

खाच आपाच द्यायच्या. दर तुकड्याला नवं पातं, आणि श्वास रोखून. मी वेल्ह्याची, तोंडानं फटकळ. एवढ्याशा खाचेपायी किती जीव काढता, म्हणून मी त्यांना चिडवायचे. त्या नुसत्या हसायच्या.

पोटाचं दुखणं उघडकीला आलं तेव्हा फार पसरलं होतं. कधी सुरू झालं, डॉक्टरांनाही सांगता येईना. तरी त्या येत राहिल्या. एक दिवस हात थरथरला, तसं त्यांनी पातं माझ्यापुढं सरकवलं.

"रेघ तेवढी पुरी कर गं. दुसरं काय न्हाई मागत."

"करते, आपा."

त्या वारल्यावर त्यांच्या जागी कामाला बसले. नवं पातं, रोखलेला श्वास, सगळं त्यांच्यासारखंच. माझे ठिपके मात्र सगळे रेघेच्या वर. पातं मी जोरात दाबते, खाचेचं टोक चेपतं, तुकडा आहे त्याहून चिवट भासतो. किती रडले त्या दिवशी! प्रयोगशाळेचे सर म्हणाले, नवी शीट घे, पहिल्यापासून कर. करीन की. पण ती रेघ माझी होईल, आपांची कुठली?

त्यांच्या शीटचा आता एकच तुकडा उरलाय, खाच न दिलेला. रोज कपाटातून काढते, पातं टेकवते, श्वास रोखते... आणि परत ठेवून देते. न्हाई जमत, आपा.