डायलिसिसच्या पलंगावरचे कंडक्टरकाका

आमच्या शेजारच्या कंडक्टरकाकांइतका चौकस माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही. सापडलाच, तर त्याचं गाव कोणतं हे काकांनी आधीच विचारून ठेवलेलं असेल. एसटीतून निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, तरी माणूस दिसला की "कुटून आला?" हे सुटलंच नाही. पुढे बिचाऱ्यांच्या किडन्या गेल्या आणि सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. दुसरा कोणी खचला असता. काका मात्र हाताला सुया लावून चार तास पडल्या पडल्या आसपासच्या पलंगांची चौकशी करायचे आणि पेशंट चक्क बसच्या मार्गांप्रमाणे लावायचे. घरी आले की जाहीर करत, "मंद्रूप लाइन फुल्ल! कुर्डुवाडी लाइनला एक पॅसेंजर न्हाय. सर, तुमच्याकडचं पानी लई चांगलं हाय बगा!"

मी मूळचा कुर्डुवाडीचा. लपवू कशाला, हे ऐकून माझी कॉलर ताठ झाली. मी गावाहून कॅन भरभरून पाणी आणायला लागलो, बायकोनं कपाळाला हात लावला. गुडघेदुखीची रोजची गोळीसुद्धा मी त्याच पाण्याबरोबर बिनघोर गिळायचो.

एके दिवशी काका डायलिसिस संपवून थेट माझ्या दारात. "सर, माजं चुकलं. सिस्टर म्हनल्या, कुर्डुवाडीचे लोक रेल्वेनं पुण्याला जात्यात. ते हितं दिसनार कसे? अन् ज्यांनी किडनीचं तपासलंच न्हाय, ते तर कुटल्याच मोजनीत न्हाईत. तुमी कवा तपासलं?"

"कधीच नाही."

"मग चला की!"

अहो, धड उभं राहवत नसलेल्या त्या माणसानं माझ्यासारख्या धडधाकट गड्याला रिक्षात कोंबून लॅबमध्ये नेलं! किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं, ते क्रिएटिनिन माझं वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी किडनीला मारक म्हणून गुडघेदुखीच्या गोळ्या बंद केल्या, रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि म्हणाले, "वेळेत आलात."

आता दर खेपेला माझा रिपोर्ट माझ्याआधी काकाच वाचतात. परवा तो दाखवायला मी दवाखान्यातच गेलो. मशीन चालू होतं. आकडा होता तिथंच होता. "वाढला न्हाय!" काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की सिस्टर धावत आल्या. त्यांचा मोकळा हात धरून मी म्हणालो, "काका, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? मला येळेवर वडून न्यायला कुनी न्हवतं ओ, सर," ते म्हणाले, आणि माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.