बर्फाचा कप्पा वर की खाली

आमच्या घरातला पहिला फ्रीज कुऱ्हाडीने मेला. लोकांचे फ्रीज बिघडतात, जुने होतात, भंगारवाल्याकडे जातात. आमचा मारला गेला, आणि मारणारा माझा नवरा होता. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. तोंडावर 'अहो' म्हणते, पण कागदावरही तेवढाच मान द्यायचा तर मग लिहायचं कशाला?

आमचं घर सोनाळ्याच्या अलीकडे, शेताला लागून. वांगी, मिरची आणि उरलेल्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कापूस. मुलगी शिकायला बाहेरगावी असते, सासूबाई वारल्या, म्हणून घरात आम्ही तिघंच: सासरे, नवरा आणि मी. सासरे माळकरी. त्यांना मटणाचा वासही चालत नाही, आणि नवऱ्याचा आठवडा मटणाशिवाय जात नाही. यावर घराने तोडगा काढला होता. मटण मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात शिजायचं आणि नवरा तिथेच बसून खायचा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, किती समजूतदार माणसं.

समजूतदारपणा तेवढ्यापुरताच. बाकी आमच्याकडे बोलणं संपलं की हात सुरू व्हायचा. सासरे मुलाला लहानपणापासून काठीने मारत आले, आणि त्याच्या डोक्यावर पांढरे केस दिसू लागले तरी ती सवय सुटली नव्हती. मुलगा बापावर हात उचलत नसे. बापावर हात उचलणाऱ्याला नरकातही जागा नाही, असं कोणीतरी त्याच्या मनावर बिंबवलं होतं. पण आलेला राग कुठेतरी काढावाच लागतो, आणि तो माझ्यावर निघायचा. सासूबाई होत्या तोवर त्या मारात मला वाटेकरी होती. त्या गेल्या आणि सगळा वाटा माझा झाला.

जुना फ्रीज एका दाराचा. बर्फाचा कप्पा आतच, वरच्या बाजूला, आणि त्याच्या बरोबर खाली सासऱ्यांचं दूध. आखाडात नवऱ्याने बाजारातून मटण आणलं. अर्धं शिजवायला दिलं, उरलेलं प्लास्टिकच्या पन्नीत बांधून वर ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. रात्री वादळ झालं आणि लाईन गेली. आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात, आणि गेलेली लाईन केव्हा येईल हे तिच्या मर्जीवर असतं. सकाळी एकादशी होती. सासऱ्यांनी आंघोळ करून, गंध लावून, स्वतःच्या हाताने दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, बाहेर काढायला घेतला. सायीवर मधोमध तांबडा डाग होता आणि वरून अजून एक थेंब पडत होता.

ते ओरडले नाहीत. त्यांनी गंज ओट्यावर ठेवला, काठी घेतली आणि खाटेवर झोपलेल्या मुलाच्या पाठीवर हाणली. तो जागा होतो न होतो तोच दुसरी. त्यापुढची त्याने हवेतच धरली, बापाच्या डोळ्यांत पाहिलं, काठी सोडून दिली आणि सरळ माझ्याकडे आला. पन्नीला भोक होतं का, असं त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता कानशिलात लगावली. माझं डोकं फ्रीजच्या कोपऱ्यावर आपटलं. मग त्याचं लक्ष फ्रीजकडे गेलं. सरपणाजवळची कुऱ्हाड आणून त्याने तो बर्फाचा कप्पा फोडला. आतला गॅस फुस्स करून निघून गेला, मटण जमिनीवर पडलं, आणि त्या एकादशीचं पुण्य आमच्या कुत्र्याला लाभलं.

माझ्या भुवईतून रक्त येत होतं. सासऱ्यांनी दूध मोरीत ओतायला लावलं, गंज राखेने घासून घेतला, घरभर गोमूत्र शिंपडलं. माझ्या रक्ताबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. दुधात थेंब पडला तर विटाळ, आणि सुनेच्या तोंडावरून ओघळ आला तर तो घरचा मामला. मला याचा राग तेव्हाही आला होता आणि आजही येतो.

फ्रीजशिवाय घर चालेना, तेव्हा आम्ही तिघं जळगाव जामोदच्या बाजारात गेलो. दुकानदाराने दोन फ्रीज शेजारी शेजारी दाखवले. दोन्ही दोन दारांचे. एकाचा बर्फाचा कप्पा वर, दुसऱ्याचा खाली. सासऱ्यांनी लगेच खालच्या कप्प्याच्या फ्रीजवर हात ठेवला. मटण पायाशी राहील आणि देवाचं वर राहील, असं त्यांचं म्हणणं. दुकानदार भला माणूस. त्याने समजावलं की या फ्रीजमध्ये दोन कप्प्यांच्या मधे बंद भिंत असते, दारं वेगळी असतात, वरचं पाणी मागच्या नळीतून निघून जातं, खाली थेंबही येत नाही. शिवाय वरच्या कप्प्याचे फ्रीज स्वस्त, आणि त्यांत निवडायलाही जास्त. सासरे म्हणाले, भिंत असली तरी वरचं ते वरचंच. माडीवर कोणी मांस शिजवत असेल तर त्याखाली तुम्ही देवघर कराल का?

नवऱ्याला वरचाच कप्पा हवा होता. खरं कारण एवढंच की बापाला खालचा हवा होता. सांगायला त्याने वेगळं कारण काढलं. माझ्या पैशाचं मटण काढायला मी माझ्याच घरात उकिडवं बसायचं का, असं तो दुकानदाराला विचारू लागला. दुकानदाराने भांडण मिटवायला म्हणून विचारलं, की घरात फ्रीज सगळ्यात जास्त कोण उघडतं? बाप-लेक दोघंही फ्रीजची दारं उघडून पाहू लागले. मग तो माझ्याकडे वळून सांगू लागला, की भाजी घडीघडी काढावी लागते आणि बर्फ क्वचित. कप्पा खाली असला की भाजी हाताशी येते, वाकून कंबर दुखत नाही. माझ्या कंबरेची काळजी करणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला, तोही विकणारा.

पण मी कंबरेचा विचार करत नव्हते. वरचा कप्पा घेतला तर दर वेळी लाईन गेली की सासरे त्या भिंतीवर संशय घेणार, काठी उचलणार, आणि शेवट माझ्या कानाशी होणार. खालचा घेतला तर नवरा चिडेल, पण एकदाच, आज. एक मार खाऊन बाकीचे टळत असतील तर तो परवडला, असं मी ठरवलं. खालचाच घ्या, असं मी स्पष्ट म्हणाले. सासऱ्यांना वाटलं सुनेला धर्म कळला, दुकानदाराला वाटलं कंबर दुखते.

नवऱ्याने हसत हसत माझा दंड धरला. पाहणाऱ्याला ते प्रेम वाटलं असेल. त्याची बोटं मांसात इतकी रुतली की घरी येईपर्यंत तिथे काळंनिळं पडलं होतं. घरी गेल्यावर बोलू, एवढंच तो म्हणाला.

घरी गेल्यावर बोलणं झालं. फ्रीज टेम्पोतून उतरला, खोक्यातून निघाला, भिंतीशी लागला, टेम्पोवाला चहा पिऊन गेला. त्यानंतर नवऱ्याने खोक्याच्याच लाकडी पट्टीने मला झोडपलं. बापाच्या बाजूने बोलली, हा गुन्हा. सासरे ओसरीत माळ ओढत बसले होते. त्यांना प्रत्येक फटका ऐकू येत होता, तरी बोटांतले मणी काही थांबले नाहीत. मी मनात म्हटलं, सोस बाई, हा शेवटचा. त्या वेड्या आशेचं मला आज हसू येतं.

काही दिवस मात्र बरे गेले, हे खरं. मटण खालच्या कप्प्यात, दूध-दही वर. लाईन गेली तरी कोणाच्या छातीत धडकी भरत नव्हती. सासरे तर एवढे खूश, की आल्यागेल्याला दार उघडून दाखवायचे. नवऱ्याचं खाली बसायचं दुःखही मिटलं, कारण मटण काढायला तो मलाच सांगायचा. मला वाटू लागलं, सगळा प्रश्न जागेचाच होता आणि तो सुटला.

मग एका एकादशीच्या दुपारी दोघांचं फवारणीवरून वाजलं. मिरचीवर पानं आकसवणारा चुरडा पडला होता, आणि नवऱ्याने पंप कोणाला तरी देऊन टाकला होता. यात दूध नव्हतं, मटण नव्हतं, देव नव्हता. सासऱ्यांनी काठी उचलली. मी फ्रीज उघडून सकाळी भिजवलेल्या साबुदाण्याचं पातेलं काढत होते. पहिली काठी त्याच्या खांद्यावर बसली, दुसरी मानेवर. मी पाठमोरी होते, तरी आता हा इकडे वळणार हे मला कळलं. अंगाला सवय होते. मी तोंड फिरवलं तेवढ्यात त्याची बुक्की आली, दात ओठात घुसला, आणि हातातल्या साबुदाण्यावर रक्त टपटप पडलं.

मी रडले नाही. भीतीही वाटली नाही, आणि त्याचंच मला नवल वाटलं. फक्त डोकं तापलं, इतकं की कान वाजायला लागले. एवढं सगळं करून, मार खाऊन, भांडून आणलेला तो फ्रीज माझ्या पाठीशी उघडा होता आणि मला पुन्हा मार पडला होता. ते पातेलं मी नेऊन सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"मटण तं खाली गेलं, मामाजी," मी म्हणाले. "मार अजून वरूनच झिरपून राह्यला."

ते पातेल्याकडे पाहत राहिले. पांढऱ्या दाण्यांवरचा तो लाल रंग त्यांनी नीट पाहिला. समजावून सांगून हे त्यांना कधी कळलं नसतं. विटाळाची भाषा तेवढी त्यांना कळते. नवरा मागून येऊन माझे केस धरणार, तेवढ्यात त्यांनी काठी त्याच्या आणि माझ्या मधे आडवी धरली. त्यांची काठी कोणाला अडवायला उठलेली मी त्या घरात पहिल्यांदा पाहिली. मग त्यांनी ती जमिनीवर टाकली.

"तिले काऊन मारतो बे?" ते मुलाला म्हणाले. "तुले मारलं मी. मले मार."

नवऱ्याची मूठ वळलेलीच होती. मला वाटलं आता खाली येईल. ती खाली आली नाही, सरळ बापाच्या तोंडावर गेली. सासरे ओट्याच्या कडेवर आदळले आणि खाली बसले. नवरा आपल्या हाताकडे पाहत उभा राहिला, आणि मग चप्पलही न घालता वावरात निघून गेला.

मला वाईट वाटायला हवं होतं. म्हातारं माणूस, उपासाचं, जमिनीवर पडलेलं. पण मला वाईट वाटलं नाही. इतकी वर्षं माझ्या अंगावर पडलेला मार आज ज्याचा त्याला पोचला, एवढंच वाटलं, आणि बरं वाटलं. मी त्यांना पाणी दिलं, माझ्या ओठाला हळद लावली. साबुदाणा त्यांनी स्वतःच उकिरड्यावर टाकला आणि पातेलं घासून पालथं घातलं. त्या घरात पुरुषाने भांडं घासलेलंही मी तेव्हाच पाहिलं.

पुढे सगळं गोडीगुलाबीचं झालं, असं मी लिहिणार नाही. बाप-लेक अजून भिडतात, आणि आता दोन्हीकडून. त्यात सासऱ्यांचा दात गेला, नवऱ्याचं बोट मोडलं. माझ्या अंगावर मात्र त्या दिवसापासून हात पडलेला नाही. त्यांचे आवाज चढले की मी फ्रीजमधून भाजी काढते, दार नीट लावते आणि बाहेर कडुनिंबाखाली निवडत बसते. मी मधे पडायला जात नाही.